बबन, आपला दावा अजून बोर्डावर आहे

बबन,

तू गेल्याचं मला तुझ्या घरून कळलं नाही, काष्टीतल्या कुणी कळवलं नाही. माझ्या वकिलांनी कळवलं.

सकाळी नेवाशाच्या रोपवाटिकेत वाफ्यांवर पाणी मारत होतो. फोन वाजला. वकिलांचा होता. वाटलं, तारीख अलीकडे आली असणार, नाहीतर तुझ्या बाजूनं नवा अर्ज पडला असणार. ते म्हणाले, "तुमच्या दाव्यातला प्रतिवादी मयत झाला. त्यांच्या वकिलांचा आत्ताच फोन होता."

मला चटकन कळेचना, कोण ते. प्रतिवादी हा शब्द मी इतक्या कागदांवर वाचला होता, इतक्या कागदांखाली सही केली होती, की त्या शब्दाला श्वास असतो हेच विसरून गेलो होतो.

"बबन?" मी विचारलं.

"हो, तेच. काल रानातून घरी आले आणि छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत." आणि मग त्याच दमात, "आता वारस लावावे लागतील. मुदतीत लावले नाहीत तर त्यांच्यापुरता दावा संपतो. या आठवड्यात येऊन सही करून जा."

मी हातातली नळी खाली टाकली. पाणी वाफ्याबाहेर वाहत राहिलं.

फोन ठेवण्याआधी त्यांनी बजावलं होतं, "तिकडं जाऊ नका. गेलातच तर कुणाशी बोलू नका. तुमचा उलटतपास अर्धा राहिलाय. भावनेच्या भरात काही बोलून जाल आणि उद्या तेच तुमच्यापुढं उभं राहील." मी बरं म्हणालो आणि गाडी काढली. नेवाशाहून काष्टी म्हणजे जवळजवळ सगळा जिल्हा आडवा कापायचा. वाटेत दोनदा गाडी बाजूला घेतली. परत फिरावं का, याचा विचार करत बसलो. तुझ्या दारात कुणी मला उभं करेल का? वहिनी काय म्हणतील? तुझी स्वाती ओळख दाखवेल का? तुझं तोंड बघायला मिळेल की नाही, याच्यापेक्षा मला या गोष्टींची जास्त धास्ती वाटत होती. तुला हे ऐकून हसू आलं असतं.

तुझं तोंड बघायला मिळालं नाहीच. मी पोचलो तेव्हा नदीकाठी सगळं उरकलं होतं, माणसं परतायला लागली होती. मला बघून काही जण बाजूला सरकले. रागानं नाही. ज्याची कोर्टात केस चालू आहे त्याच्याजवळ उभं राहावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वादी आलाय." आयुष्यभर त्या गावात मी मास्तरांचा सुधीर होतो. तुझ्या मरणाच्या दिवशी वादी झालो.

बबन, आपण कोर्टापर्यंत कसे पोचलो हे मी परत परत मनाशी जुळवून बघतो. माझे वडील काष्टीच्या शाळेत मास्तर, तुझे वडील शेतकरी. आपण एका बाकावर बसलो आणि पुढं मी कृषी पदविका करून आलो तेव्हा तू बांधावर उभा राहून म्हणालास, "सुध्या, नोकरी बघू नगं. लिंबाची रोपं करू. आपल्यासारख्या रानाला दुसरं काय पायजे?" तुझं रान, तुझ्या विहिरीचं पाणी, माझं शिक्षण आणि दोघांचे पाय. सगळा श्रीगोंदा तालुका आपण त्या तुझ्या मोटारसायकलवर पालथा घातला. ज्याच्या रानात लिंबाचं झाड पानापानाला स्वच्छ दिसेल, खैऱ्या रोगाचा एक डाग नसेल, त्याच्याकडून चार पिकलेली फळं मागून आणायची, बी काढायचं, पेरायचं, वाढवायचं आणि त्यातली बहुतेक झाडं उपटून टाकायची. तुला उपटवत नसे. "राहू दे की रं, जगलंय तर," म्हणायचास. मी उपटायचो. जी उरली ती आपली मदर झाडं. तू त्यांना मदरच म्हणायचास. त्यांच्याच फळांचं बी, त्यांचीच रोपं.

नाव आपण ठेवलंच नव्हतं. लोक म्हणायचे, त्या दोघांच्या नर्सरीतून आणली. मग तू एक दिवस पत्र्यावर रंगवून आणलंस, "दोघांची रोपवाटिका". अक्षर वाकडं होतं. मी हसलो तर म्हणालास, "वाचता येतंय न्हवं? मग झालं."

आपलं भांडण कशावरून झालं हे कोर्टाच्या कागदात नीट लिहिलेलं आहे, आणि तरी वाचताना मला ते आपलं भांडण वाटत नाही. त्यात "सदर प्रतिवादीने वादीची संमती न घेता" असं काहीबाही आहे. खरं भांडण तुझ्या पडवीत झालं. मागणी वाढली होती. रोपं पुरत नव्हती. तू म्हणालास, बाहेरून तयार रोपं आणून देऊ. मी म्हणालो, नाही. लिंबाचं झाड फळाला यायला वर्षं जातात. तोवर कुणाला कळत नाही की आपण काय दिलं. कळतं तेव्हा शेतकऱ्याची ती वर्षं गेलेली असतात.

"आरं, लोक दारात उभं हायती," तू म्हणालास. "खड्डं खांदून आलेत. न्हाई म्हनू त्यास्नी? मग ते कुटं जातील? रस्त्यावरच्या टेम्पोतनं घेतील. त्यापरास मी निदान बघून, निवडून तरी आनतो."

"बघून रोप कळत नाही, बबन."

"तुला न्हाई कळत. मला कळतंय."

त्या वाक्यानं मला लागलं. तुलाही माझं काहीतरी लागलं असणार. मी वेगळा झालो, बायकोच्या शाळेमुळं नेवाशाला आलो, तिथं वाफे घातले. पत्र्याची पाटी तुझ्याच फाटकावर राहिली. पुढं खर्ड्याकडचा एक शेतकरी मला शोधत नेवाशाला आला. हातात फांदी, पानं डागांनी भरलेली, फळांवर खवले. म्हणाला, "तुमच्या दोघांच्या नावावर आनली हुती रोपं. चार वर्सं जपली." रागावलासुद्धा नाही तो. फांदी माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी तुला फोन केला, तू म्हणालास त्याच्या रानात पाणी साचतं, फवारणी करत नाही, रोपाचा काय दोष. तसंही असू शकेल. मला आजही माहीत नाही. पण पाटीवर "दोघांची" होतं, आणि मी त्यात नव्हतो.

मी अजूनही म्हणतो, बबन, माझं बरोबर होतं. हे तुझ्या माघारी म्हणणं वाईट दिसत असेल. पण खोटं बोललो तर तुला लगेच कळेल.

दावा कसा चालतो, हे आपल्याला दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, न्यायाधीश दोघांना समोर उभं करतील, ऐकतील, सांगतील. तसं काही होत नाही. आधी नोटीस. नोटीस मिळाल्यावर तू मला फोन करशील म्हणून मी दोन दिवस फोन खिशातून काढला नव्हता. आलं ते तुझ्या वकिलांचं उत्तर. मग धंद्याचा दावा थेट दाखल होत नाही, आधी मध्यस्थाकडं जावं लागतं, असं कळलं. नगरला त्या लहान खोलीत आपण समोरासमोर बसलो. मध्यस्थ बाईंनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

मी म्हणालो, "पाटी उतरवावी. माझं नाव नको त्यात."

तू म्हणालास, "त्यात कुनाचंच नाव न्हाई, बाई. लोकांनी ठिवलेलं हाय. लोकांकडं मागायला सांगा त्यास्नी."

बाई हसल्या. "पाटीवर दोघांची, आणि भांडताय तुम्ही दोघंच." मग आपणही हसलो, आठवतं? पंधरा-वीस मिनिटं सगळं जमत आलं होतं. तू पाटी उतरवायला तयार झालास, मदर झाडांचं बी निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं ठरलं. चहा आला. तू बशीत ओतून प्यालास आणि बशी ठेवता ठेवता म्हणालास, "पर बाहेरची रोपं इकायला मला कुनी अडवायचं न्हाई." मी उठलो. बाई म्हणाल्या, बसा. मी बसलो नाही.

मग दावा पडला. तुला समन्स गेलं. तू कैफियत दिलीस, म्हणजे माझ्या म्हणण्याला तुझं लेखी उत्तर. त्यात तुझ्या वकिलांनी लिहिलं होतं की ती झाडं तुझ्या एकट्याच्या मेहनतीची, वादी फक्त अधूनमधून येत असे. अधूनमधून! ते वाचून मी जेवलो नाही. नंतर वकिलांनी समजावलं, असं सगळं नाकारावंच लागतं, मनावर घेऊ नका. मी लिहिलेलं वाचून तू जेवला होतास का, हे विचारायचं राहून गेलं.

निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता हुकूम आला तेव्हा आपण दोघंही बांधले गेलो. तू त्या नावानं रोपं विकायची नाहीत. मी तुझ्या रानात पाऊल टाकायचं नाही. आणि झाडांच्या बाबतीत जैसे थे, म्हणजे आहे तसं राहू द्यायचं, कुणी बी काढायचं नाही, फांदी तोडायची नाही. कोर्टानं नेमलेले कमिशनर झाडं मोजायला आले तेव्हा तेवढ्यापुरती मला आत यायची परवानगी होती. टळटळीत ऊन होतं. तू सगळ्यांसाठी लिंबाचं सरबत केलंस. कमिशनर साहेबांनी ग्लास हातात घेतला, झाडांकडं पाहिलं आणि विचारलं, "लिंबं याच झाडांची का?" तू व्हय म्हणालास. त्यांनी ग्लास खाली ठेवला. माझ्या वकिलांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणून मीही ठेवला. तू मला म्हणालास, "आरं पी. ह्यात काय दावा घोळलाय व्हय?" मी प्यायलो नाही. घसा कोरडा पडला होता, बबन.

आणि मग ती शेवटची तारीख. वादी मी, म्हणून आधी माझी साक्ष. तुझे वकील मला विचारत होते आणि तू मागच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होतास.

"झाडं बबनरावांच्या जमिनीत आहेत, हे खरं?"

"खरं."

"पाणी बबनरावांच्या विहिरीचं, हे खरं?"

"खरं."

"मग त्यात तुमचं काय आहे?"

मी म्हणालो, "कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं काढायचं, ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

"म्हणजे बबनराव खोटं बोलतात, असं तुमचं म्हणणं आहे?"

मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली बघत होतास. "नाही," मी म्हणालो. "ते चुकतात. खोटं बोलत नाहीत."

न्यायाधीश म्हणाले, हो की नाही एवढंच सांगा. तेवढ्यात वेळ संपली. उरलेला उलटतपास पुढच्या तारखेला.

बाहेर चहाच्या टपरीशी तू माझ्याकडं आलास. टोपी अजून हातातच होती. "सुध्या, जरा—" एवढं म्हणालास. माझ्या वकिलांनी माझं कोपर धरलं. उलटतपास चालू असताना साक्षीदारानं कुणाशी बोलायचं नसतं. तू हात वर केलास, राहू दे म्हटल्यासारखा, आणि स्टँडकडं चालायला लागलास. त्या "जरा" नंतर काय होतं, याच्यावर मी किती विचार केलाय! नंतर वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, घरी येऊन तू काहीच बोलला नाहीस, टपरीचा चहा लई गोड हुता एवढंच म्हणालास. कदाचित तेवढंच असेल. कदाचित गाडीतून सोडशील का, असं विचारायचं असेल. मी आता ते कधी ठरवू शकणार नाही.

वकिलांच्या कचेरीत मी सहीसाठी गेलो. त्यांचा कारकून अर्ज टाइप करत होता. मयत प्रतिवादीचे वारस. एक, पत्नी मंदा. दोन, मुलगी स्वाती. "मुलीचं वय?" त्यानं विचारलं. मी चटकन सांगितलं. स्वाती झाली तेव्हा तुझ्याबरोबर दवाखान्याच्या बाहेर मीच उभा होतो. कागद समोर आला आणि मी पेन खाली ठेवलं. जिनं मला इतकी वर्षं भाकरी वाढली तिला मी प्रतिवादी करू? वकील म्हणाले, "भावना समजतात. पण मुदत भावनेसाठी थांबत नाही." मी उद्या येतो म्हणून उठलो. उद्या गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली आणि मी स्वतःला सांगत राहिलो, आता सुट्टी संपल्यावर बघू.

सुट्टीत वहिनींचा फोन आला. नंबर बघून वाटलं, आता शिव्या ऐकायच्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मदर झाडांनी माना टाकल्यात."

मी विचारलं, पाणी?

"आमचे वकील म्हनले, वारस लागंपत्तुर कुनी हात लावू नका, कोर्टाचा अवमान हुईल. ह्ये असताना ह्येच घालायचे पानी. आमाला फाटकाच्या आतसुदिक येऊ देत नव्हते. म्हनायचे, कोर्टातली झाडं हायती. आता मी काय करू? मला तर काईच कळंना."

मी माझ्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही, मनाई तुम्हालाच आहे. सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढं अर्ज करता येईल का? करता येईल, पण कुणाविरुद्ध? प्रतिवादी मयत आहे, वारस अजून लागलेले नाहीत. मयत माणसाला पाणी घालायला सांगता येत नाही. ते चेष्टा करत नव्हते. कायदा सांगत होते. "पाणी घातल्यानं जैसे थे मोडत नाही, असं मला वाटतं," ते शेवटी म्हणाले, "पण वाटतं, एवढंच."

दुसऱ्या सकाळी मी तुझ्या फाटकाबाहेर उभा होतो. तारेच्या कुंपणाच्या अलीकडे. वहिनी आणि स्वाती आत. पानं वळून सुरळ्या झालेली. पिवळी पिकलेली फळं खाली पडून वाळत होती. वाळलेल्या फळातलं बी उगवत नाही. एवढ्या वर्षांची निवड तिथं मातीत सुकत होती आणि ती उचलायचा हक्क आपल्यापैकी कुणालाच नव्हता.

"स्वाती, ठिबकचा वरचा कॉक आधी उघड. हळू. एकदम पाणी सोडू नको."

"काका, नळ्या चोंदल्यात."

"टोकाची बूच काढ आणि वाहू दे थोडं. घाण जाईल."

वहिनींनी उसाचं पाचट आणून आळ्यांवर पसरलं. मी बाहेरून सांगत होतो, खोडाला चिकटवू नका, बोटभर लांब ठेवा. कोपऱ्यातल्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळताना दिसला. साल मऊ पडली असेल तर झाड आतून कुजलेलं असतं, आणि ते हात लावल्याशिवाय कळत नाही. मी तारेतून हात आत घातला, झाड वीतभर लांब राहिलं. स्वाती म्हणाली, "काका, आत या ना. कोण बघतंय?" मी नाही म्हणालो. तुझ्या रानाबाहेर भिकाऱ्यासारखा हात पसरून उभा होतो आणि तरी आत आलो नाही. तू असतास तर मला भित्रा म्हणाला असतास. मी भित्रा आहेच. पण आत आलो असतो आणि उद्या तुझ्या वकिलांनी तेच स्वातीला साक्षीत विचारलं असतं, तर तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर माझ्याविरुद्ध खरं. शेवटी तिनंच अंगठ्यानं साल दाबली. साल आत गेली. ते झाड गेलं, बबन. बाकीची त्या आठवड्यात सावरली. ते नाही.

निघताना वहिनींनी कुंपणाच्या पलीकडून विचारलं, "तो वारसाचा कागुद तुमच्याकडंच हाय म्हनं. सही का करंना तुमी?"

"तुम्हाला कोर्टात कसं उभं करू, वहिनी?"

"मी न्हाई उभी राह्यले तर झाडांचं बोलनार कोन?" त्या म्हणाल्या. "लावा माझं नाव."

सुट्टी संपायच्या आत मी सही केली.

सुट्टीनंतरच्या तारखेला आपला दावा बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, होता. पट्टेवाल्यानं पुकारा केला. कागदावर अजून तुझंच नाव होतं, म्हणून त्यानं तुझंच नाव पुकारलं. दोनदा. तुझ्या वकिलांनी उठून तू मयत असल्याचं लेखी दिलं. माझ्या वकिलांनी वारसांचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी विचारलं, वारसांना नोटीस काढायची ना? तेव्हा मागून वहिनी उठल्या.

"मी आलेय, सायेब. मी मंदा. नोटीस कशाला? झाडाचं तेवढं सांगा."

दोन्ही वकिलांनी त्यांना खाली बसवायला बघितलं. न्यायाधीश म्हणाले, थांबा, ऐकू द्या. वहिनींनी सगळं सांगितलं. वकील फोनवर काय म्हणाले, कुंपणाच्या बाहेरून मी काय सांगितलं, कुठलं झाड गेलं. मी आत आलो नाही, हेही सांगितलं. मग दोन्ही बाजूंनी मिळून लिहून दिलं की झाडांना पाणी, औषध घालायचं, दोघांच्या समक्ष बी काढायचं आणि निम्मं-निम्मं घ्यायचं. मध्यस्थ बाईंच्या खोलीत जे होता होता राहिलं होतं, त्यातलं एवढंच. न्यायाधीशांनी ते मान्य केलं, मला त्या कामापुरती आत यायची परवानगी दिली. पाटीचं आणि बाहेरच्या रोपांचं तसंच राहिलं. त्यांनी विचारलं, परत मध्यस्थीला जाता का? वहिनी म्हणाल्या, इचार करून सांगते.

पायऱ्यांवर मी त्यांना म्हणालो, "वहिनी, दावा मागं घ्यावा असं वाटतंय का तुम्हाला? स्पष्ट सांगा."

"मला काय ईचारता? तुमचा दावा हाय," त्या म्हणाल्या. "पर मी माघार न्हाई घेनार. त्येंचं म्हननं मला पटलेलं हुतं, भावजी."

मला धक्का बसला. इतक्या वर्षांत आपल्या भांडणात त्या कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी धरून चाललो होतो की त्या मनातून माझ्या बाजूच्या आहेत.

"माझा बाप आला हुता रोपं न्यायला," त्या म्हणाल्या. "तुमी सुरू केलं तवा, आमचं लगीन नुसतं ठरलं हुतं. खड्डं खांदून, शेनखत भरून आला हुता. तुमी म्हनला, तयार न्हाईत, पुढच्या साली या. तुमाला ठावं नव्हतं तो माझा बाप म्हनून. त्यानं बी सांगितलं न्हाई, भिडंचा मानूस. बाजारातनं घिऊन लावली. धा-पंधरा झाडं तगली त्यातली. पुढच्या साली यायला तो राह्यला न्हाई."

"बबन मला कधी बोलला नाही."

"त्ये म्हनले, सुध्याला सांगू नगं, त्याला झोप लागायची न्हाई."

एवढं सांगून त्या स्वातीबरोबर स्टँडकडं गेल्या. जाता जाता म्हणाल्या, पुढच्या तारखेला तुमची उलटतपासणी हाय, मी ह्येंच्या जागंवर बसनार, वंगाळ वाटून घिऊ नका.

बबन, मला ते म्हातारे आठवत नाहीत. मी खूप ताण देऊन बघितला. तेव्हा असे कितीतरी जण यायचे आणि मी सगळ्यांना तेच सांगायचो. रोपं खरंच तयार नव्हती. आजही ते आले तर मी नाहीच देणार, मुळं धरली नसलेलं रोप देणं म्हणजे फसवणं. पण तू "लोक दारात उभं हायती" म्हणत होतास तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस उभा होता, आणि मी तुला धंदा शिकवत होतो. दाव्यात, कैफियतीत, शपथपत्रात, त्या जाडजूड फायलीत हा माणूस कुठंच नाही. तू तुझ्या वकिलांनाही सांगितलं नाहीस.

पुढची तारीख जवळ येतेय. तुझे वकील बहुतेक विचारतील, तुम्ही गिऱ्हाइकांना माघारी लावत होता, हे खरं? माझे वकील म्हणतात, "आठवत नाही" असं सांगा, ते सगळ्यात सुरक्षित. वहिनी समोर बसलेल्या असतील. मी "खरं" असं म्हणणार आहे. त्यापुढं मला रोपांच्या मुळांबद्दल सांगायचंय, आणि तुझ्या सासऱ्यांबद्दलही सांगायचंय. न्यायाधीश मला अडवतील, हो की नाही एवढंच बोला म्हणतील. तरी मी बोलायचा प्रयत्न करीन. तू बाकावर असतास तर मधेच उठून माझं खोडून काढलं असतंस आणि कोर्टानं तुला गप्प केलं असतं.

आता मला मधे कुणी टोकणार नाही, बबन, आणि त्याचीच मला भीती वाटते.